शांघायची ‘आयी’ आणि आपली मावशी

‘‘मावशी, बेल वाजली का? दार उघड, आयी आली असेल,’’ भाचीचा ऑफिसमधून फोन आला आणि मी गोंधळूनच गेले. हिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ती तर सोलापुरात गुडघ्याचं ऑपरेशन करून पलंगावर पडलेली. ती इथे शांघायला कुठून येणार? दार उघडलं तर बाहेर पन्नाशीची, ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची चिनी बाई उभी! तिनं बूट बाहेर काढले, घरातल्या सपाता पायात सरकवल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवत सरळ बाळाकडे गेली.

संध्याकाळी भाचीनं उलगडा केला. चिनी भाषेत ‘आयी’ म्हणजे आई नव्हे, मावशी. आणि घरकामाला, मुलं सांभाळायला येणाऱ्या बाईलाही तिथे ‘आयी’च म्हणतात. आपण नाही का धुण्याभांड्याच्या बाईला ‘मावशी’ म्हणत, अगदी तसंच. मला हसूच आलं. कारण मीही तिथे मावशी म्हणून आणि बाळ सांभाळायलाच गेले होते.

ही गोष्ट २०२४ च्या सप्टेंबरची. माझी भाची इंजिनिअर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत सहा वर्षं ती शांघायला आहे, जावईही तिथेच नोकरीला. बाळ झालं तेव्हा तिला १५८ दिवसांची रजा मिळाली, शांघायच्या नियमाप्रमाणे. ती संपली. आता बाळाकडे कोण बघणार? तिथे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं फार थोडी. ताई जाणार होती, पण तिचा गुडघा आडवा आला. मग घरच्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘तुझं काय, तू तर घरीच असतेस!’’ माझा बचत गट, मोलकरणींच्या बैठका, कोर्टाच्या फेऱ्या, हे सगळं ‘घरीच’ या शब्दात मावलं. असो. तेव्हा भारतातून चीनला थेट विमानं बंद होती (ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली), म्हणून सिंगापूरमार्गे जाऊन पोचले एकदाची.

सोलापूरच्या शाळेत शिकल्यामुळे चीन म्हटलं की मला फक्त डॉ. कोटणीस आठवायचे. १९३८ मध्ये तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, तेही जखमी सैनिकांची सेवा करताना. त्यापलीकडे चीन म्हणजे स्वस्त खेळणी आणि दिवाळीच्या माळा. त्यामुळे पहिले काही दिवस मी नुसती बघतच राहिले. पोचल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नाव नोंदवायचं, हा पहिला धक्का. आपल्याकडे पोलीस चौकीची पायरी चढायची म्हणजे बायकांच्या पोटात गोळा येतो. इथे दहा मिनिटांत एक कागद हातात आला. दुसरी गंमत फोनची. तिथे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही आणि त्यांचं वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद. मायलेकींना रोजचं बोलायचं तर आधी युक्ती शोधावी लागते!

पण काही गोष्टी अगदी आपल्याच. भेटल्यावर तिथली जुनी माणसं ‘जेवलीस का?’ असंच विचारतात. कपडे खिडकीबाहेर काठीवर वाळत घालतात. आणि पायजम्याचा किस्सा ऐका. शांघायची माणसं घरातल्या फुलाफुलांच्या पायजम्यावरच दूध-भाजी आणायला बाहेर पडायची. २०१० मध्ये तिथे जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा ‘पाहुणे येणार, पायजम्यावर रस्त्यावर येऊ नका’ असं प्रशासनानं लोकांना बजावलं होतं म्हणे. गाऊनवर ओढणी टाकून कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणाऱ्या माझ्या मैत्रिणी मला चटकन आठवल्या.

कचऱ्याची शिस्त मात्र शिकण्यासारखी. १ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये कचऱ्याचे चार भाग करणं सक्तीचं आहे. ओला, सुका, पुन्हा वापरता येणारा आणि घातक. चुकलं तर ५० ते २०० युआन दंड. आणि हे बघायला डब्यापाशी उभं कोण? सोसायटीतल्या निवृत्त आज्या! मी केळीची साल चुकीच्या डब्यात टाकायला गेले, तर एका आजीबाईंनी माझा हात धरून तो योग्य डब्याकडे वळवला.

या आज्यांकडे मी मग नीट बघायला लागले. सकाळी बागेत व्यायाम करणाऱ्या त्याच, भाजी बाजारात घासाघीस करणाऱ्या त्याच. दुपारी शाळा सुटताना फाटकाबाहेर बघावं, तर आईबाप क्वचितच, आजी-आजोबांचीच रांग. नातवाचं दप्तर आजीच्या पाठीवर. आणि रात्री मोकळ्या चौकात मोठा स्पीकर लावून चाळीस-पन्नास जणी एका तालात नाचताना दिसणार, त्याही याच. मला फार आवडलं ते. साठीच्या बाईनं भर चौकात नाचायचं आणि कोणी नाव ठेवायचं नाही!

या आज्यांना एवढा वेळ मिळतो कसा? उत्तर त्यांच्या निवृत्तीच्या वयात आहे. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून कारखान्यातल्या बायका पन्नासाव्या वर्षी, कचेरीतल्या बायका पंचावन्नाव्या वर्षी आणि पुरुष साठाव्या वर्षी निवृत्त होत. म्हणजे मुलीला मूल होईपर्यंत आई पेन्शनवर घरी आलेली असे. ती नातवंडं सांभाळी, म्हणून मुलगी कामावर जाऊ शके. चीनमध्ये पंधरा वर्षांवरच्या दर शंभर बायकांमागे साधारण साठ जणी कामधंद्यात आहेत. बायका अर्धं आकाश पेलतात, अशी तिकडची जुनी घोषणा. पेलत असतीलही, पण आकाश पेलणाऱ्या प्रत्येकीच्या घरी बाळ पेलणारी दुसरी बाई होतीच.

मी तिथे असतानाच, १३ सप्टेंबर २०२४ ला, बातमी आली की निवृत्तीचं वय वाढणार. १ जानेवारी २०२५ पासून सुरुवात करून पंधरा वर्षांत हळूहळू बायकांचं वय ५५ आणि ५८ वर जाईल, पुरुषांचं ६३ वर. कारण सरळ आहे. म्हातारी माणसं वाढली, कमावणारी कमी झाली, पेन्शनचा बोजा झेपेना. शेजारच्या आजी आमच्या भाचीला म्हणाल्या, ‘‘मी सुटले. पण माझी सून निवृत्त होईपर्यंत तिची नातवंडं शाळेत जायला लागतील. मग त्यांना सांभाळणार कोण?’’ वर्तमानपत्रातल्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा मला या आजींचा प्रश्न जास्त पटला.

आमच्या आयीला मात्र या बातमीचं काहीच वाटलं नाही. मी आणि ती फोनमधल्या भाषांतराच्या सोयीनं बोलायचो. मी हिंदीत बोलायचं, फोननं चिनीत सांगायचं. एकदा मी ‘बाळाचं पोट साफ नाही’ असं म्हटलं, तर तिनं साबण-पाणी आणून बाळाचं पोट पुसलं! आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तर मी तिला विचारलं, तुझी निवृत्ती कधी? ती म्हणाली, निवृत्ती पगारदारांची, शेतकऱ्यांची कसली? तिच्या गावाकडच्या म्हाताऱ्यांना सरकारकडून महिन्याला सरासरी दोनशे युआनच्या आसपास मिळतात. म्हणजे जेमतेम अडीच हजार रुपये. हातपाय चालतील तोवर काम, एवढंच तिला ठाऊक.

ती आन्ह्वे प्रांतातल्या खेड्यातली. मुलगा अडीच वर्षांचा असताना सासूच्या ओटीत घालून ती शांघायला आली. सोबत का नाही आणलं? तर तिथे ‘हुकोउ’ नावाची नोंद असते. १९५८ च्या कायद्यापासून प्रत्येक माणूस एका गावाच्या नोंदीत बांधलेला. कामाला शहरात खुशाल या, पण मुलाची सरकारी शाळा, कॉलेजची प्रवेशपरीक्षा, दवाखान्याच्या सवलती यांचा संबंध त्या नोंदीशी. नियम आता बरेच सैल झालेत, तरी शांघायसारख्या महानगरात बाहेरगावच्या मजुराच्या मुलाला शिकवणं अजूनही अवघडच. म्हणून अशी कोट्यवधी मुलं आजी-आजोबांजवळ गावातच राहिली. त्यांना तिकडे ‘मागे राहिलेली मुलं’ असंच नाव आहे.

पहिल्यांदा वर्षभरानं ती नववर्षाच्या सणाला घरी गेली. नवं जॅकेट, खाऊ, खेळण्यातली आगगाडी घेऊन. मुलगा आजीच्या मागे लपला. आजी म्हणाली, अरे, हाक मार की. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि हाक मारली, ‘आयी’. म्हणजे मावशी. अनोळखी बाईला मुलं तिथे याच नावानं हाक मारतात.

हे सांगताना तिनं आमच्या बाळाला मांडीवर थोपटणं थांबवलं नाही. फोननं ते वाक्य हिंदीत सरळ, कोरड्या आवाजात वाचून दाखवलं. मला काय बोलावं सुचेना. तो मुलगा आज चोविशीचा आहे. दुसऱ्या एका शहरात दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचवतो. लग्नाचं नाव काढत नाही. म्हणतो, मूल झालं तर तेही तुझ्यासारखं कोणाकडे टाकू का?

एका रविवारी भाचीनं मला पीपल्स पार्कमध्ये नेलं. तिथे दर शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. उघड्या छत्र्या ओळीनं जमिनीवर ठेवलेल्या आणि प्रत्येकीवर कागद. वय, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही, हुकोउ कुठली. उपवर मुलं-मुली नाहीतच, नुसते आईबाप! सत्तावीस-अठ्ठावीस ओलांडलेल्या शिकल्यासवरल्या मुलीला ‘उरलेली बाई’ म्हणायची पद्धत तिथे पडली आणि २००७ मध्ये तो शब्द शिक्षण खात्याच्या नव्या शब्दांच्या यादीतही आला. आपल्याकडचा ‘घोडनवरी’ आठवला ना? पण या मुली लग्नाला का कचरतात, हे त्या छत्र्यांना विचारून कळणार नाही. १९८० पासून २०१५ पर्यंत तिथे एकच मूल होऊ देण्याचं धोरण होतं. त्या काळात जन्मलेल्या एकुलत्या एक मुलीवर आता दोन आईबाप, दोन सासूसासरे, नोकरी, घराचं कर्ज आणि वर मूल. दमछाक होणारच.

सरकारला आता मुलं हवी आहेत. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांना परवानगी आहे. तरी २०१६ मध्ये पावणेदोन कोटींहून जास्त बाळं जन्मली होती, ती २०२३ मध्ये ९० लाख २० हजारांवर आली. २०२४ हे त्यांचं शुभ मानलं जाणारं ड्रॅगन वर्ष, म्हणून थोडी वाढून ९५ लाख ४० हजार. २०२५ मध्ये तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३६०० युआन, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या वर, मदत जाहीर झाली. पैसा वाईट नाही. पण रात्री नऊला ऑफिसमधून येणारी माझी भाची झोपलेल्या बाळाच्या पाळण्याशी बसून रडायची, ते ३६०० युआनसाठी नव्हे. ज्या सरकारनं बायकांना एकच मूल होऊ दे म्हणून पस्तीस वर्षं धाक घातला, तेच आता आणखी होऊ दे म्हणतंय. मूल वाढवतं कोण, हा हिशोब मात्र तेव्हाही कोणी मांडला नाही आणि आजही पुरता मांडलेला नाही.

मैत्रिणींनो, चीनला नावं ठेवणं सोपं आहे. पण परत आल्यावर मला आपलं गाव वेगळं दिसायला लागलं. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची मुलं आजीजवळ राहतात, तीही ‘मागे राहिलेली’च ना? पुण्याला नातवंडं सांभाळायला गेलेल्या आपल्या जावा-नणंदा, ‘तू तर घरीच असतेस’ म्हणून ज्यांना गृहीत धरलं जातं, त्या कोण? महाराष्ट्रात बाईमागे मुलांचं सरासरी प्रमाण २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आलंय. म्हणजे आपली घरंही लहान होताहेत. चीनच्या आजींचा प्रश्न आपल्या दारात यायला फार वर्षं लागणार नाहीत.

५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असं आपला कायदा २०१७ पासून सांगतो. आपल्या गावातल्या किती दवाखान्यांत, पतपेढ्यांत, कारखान्यांत ती आहे? पुढच्या महिन्यात आमच्या गटातल्या बायका हीच यादी करायला निघणार आहेत. तुम्हीही तुमच्या गावात करून बघा.

आणि एक छोटं काम आजच करा. उद्या सकाळी भांडी घासायला मावशी येईल, तेव्हा तिला चहा देताना विचारा की ती आपल्या घरी असते तेव्हा तिच्या लेकराजवळ कोण असतं. मी पंधरा वर्षं मोलकरणींच्या बैठका घेतेय, पगार विचारला, रजा विचारली, पण हे आमच्या घरच्या मावशीला मी पहिल्यांदा विचारलं ते शांघायहून आल्यावर. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘‘कुलूप लावून येते, वैनी.’’