पंगत, चुली आणि वाढपी

दहावीचा निकाल दुपारीं एक वाजतां जाहीर व्हावयाचा असला, म्हणजे आमच्या साकोलीचा मुलगा, लाखांदूरची मुलगी आणि पुण्यामुंबईचीं मुलें एकाच क्षणीं एकाच दारावर थाप मारतात. १६ जुलै २०२१ रोजीं महाराष्ट्रांतील सुमारें सोळा लक्ष मुलांचा निकाल लागला, आणि तो दाखविणारीं संकेतस्थळें कित्येक तास उघडेनात. एवढें मोठें यंत्र, आणि त्यास मुलांना एक पान दाखवितां येऊं नये, हें कसें, असा प्रश्न कोणाही गृहिणीच्या मनांत येईल. प्रश्न रास्त आहे. आणि ज्यांनीं घरचें लग्नकार्य निभावलें आहे, त्यांस त्याचें उत्तर समजावयास जड जाऊं नये.

वेब-सर्व्हर म्हणजे मागेल त्यास पान वाढून देणारें यंत्र. पान हा शब्द येथें दोन्ही अर्थांनीं घ्यावा. 'अपाची' नांवाचा असा सर्व्हर १९९५ पासून प्रचारांत आहे. त्याच्या वाढण्याच्या मुख्य रीती तीन.

पहिली 'प्रीफोर्क'. हिच्यांत प्रत्येक पाहुण्यामागें स्वतंत्र आचारी, स्वतंत्र चूल, स्वतंत्र भांडीं. या चुलीस 'प्रोसेस' म्हणतात. एकाची आमटी करपली तरी दुसऱ्याच्या पानास बाध येत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु शंभर पाहुण्यांस शंभर चुली मांडावयाच्या, तर वाडा केवढा हवा? हा वाडा म्हणजे यंत्राची मेमरी.

दुसरी 'वर्कर'. येथें एका चुलीवरून अनेक वाढपी वाढतात. त्यांस 'थ्रेड' म्हणतात. निराळें न सांगितल्यास अपाची एका चुलीस २५ वाढपी देतो. जागा पुष्कळ वांचते. मात्र दोघांनीं एकाच क्षणीं एका पातेल्यांत हात घातला तर घोटाळा होतो, आणि चूलच विझली तर पंचवीसही पानें अडतात. पीएचपी भाषेंतील काम अपाचीच्या पोटांतच चालविणारे लोक दीर्घकाळ प्रीफोर्कला धरून राहिले, तें याच भयानें.

तिसरी 'इव्हेंट'. २०१२ सालच्या २.४ आवृत्तीपासून बहुतेक ठिकाणीं हीच मूळची रीत धरली जाते. जेवण आटोपलें तरी 'आणखी कांहीं लागेल' म्हणून पाहुणा जरा बसून राहतो. अपाचीही त्याच्यासाठीं पांच सेकंद वाट पाहतो. वर्कर रीतींत तेवढा वेळ वाढपी त्याच्यापुढें रिकामा उभा. इव्हेंट रीतींत अशा सर्वांवर एकटा कारभारी नजर ठेवतो, आणि वाढपी दुसऱ्या पानाकडे वळतो.

रीत कोणतीही घ्या, खरा विवेक पुढेंच आहे. एका वेळीं किती पानें मांडावयाचीं, हें 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' या आज्ञेनें ठरतें. प्रीफोर्कमध्यें हा आंकडा न सांगितल्यास २५६ असतो. गर्दी झाली कीं नवशिका व्यवस्थापक तो एकदम हजार करतो आणि आपण उदार झालों असें समजतो. हिशेब पाहा. मेमरी समजा ४,००० एमबी. पैकीं १,००० यंत्राच्या स्वतःच्या खर्चास आणि कोठीघरास, म्हणजे डेटाबेसास, राखून ठेवली. उरली ३,०००. एक चूल ६० एमबी घेत असेल, तर चुली ५०. एकावन्नावी मांडूं नये. ती मांडली कीं जागा अपुरी पडते, यंत्र आपला पसारा डिस्कवर नेऊं-आणूं लागतें, आणि डिस्क मेमरीच्या मानानें फार मंद असल्यामुळें एकट्या एकावन्नाव्यास नव्हे, सर्वांसच ताटकळावें लागतें. दोनशें पानें मांडलीं, आणि भात एकावरही नाहीं, अशी गत होते. हा ६० चा आंकडाही अंदाजानें घ्यावयाचा नाहीं. भर कामाच्या वेळीं मोजून घ्यावयाचा.

मर्यादा घातली म्हणजे बाकीचे लोक हांकलले जातात असेंही नव्हे. ते ओसरीवर रांगेंत बसतात. अपाची आपण होऊन ५११ जणांची ओसरी मागतो. ती भरली तरच पुढचा अडतो. आतां, एका पानास अर्धा सेकंद लागला तर ५० चुली सेकंदास १०० पानें उठवितात. या वेगानें सोळा लक्षांस १६,००० सेकंद, म्हणजे सुमारें साडेचार तास! पाव सेकंदांत पान उठलें तर वेळ निम्मा. म्हणून अशा दिवशीं नुसता आंकडा वाढवून भागत नाहीं. अनेक वाडे घ्यावे लागतात आणि वाढप लौकर आटोपावें लागतें. निकालाचें पान तर ठरलेलें; प्रत्येक वेळीं कोठीघरांत न धांवतां तें आधींच वाढून ठेवतां येतें.

निकाल दहा मिनिटें उशिरा मिळाला तर मूल तें सोसतें. मिळेल कीं नाहीं हेंच कळेनासें झालें, म्हणजे सोसत नाहीं. इतकीं वर्षें मुलांत काढल्यावर आम्हीं हें खात्रीनें सांगतों. अतिथीस विन्मुख पाठवूं नये हें खरें. परंतु आपली शक्ति न पाहतां सर्वांस एकदम पाटावर बसविणें हें आतिथ्य नव्हे. ज्यांच्या घरचीं मुलें या व्यवसायांत आहेत, त्यांनीं एकदां सहज विचारून पाहावें, "बाळ, तुझ्या एका चुलीस जागा किती लागते, हें तूं मोजलें आहेस काय?"