चळवळीची स्मृती एका मशीनच्या भरवशावर नको



'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. मग 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'समता' (१९२८), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६). त्यात महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड मिळवा, दलित साहित्य मिळवा, जलशांची आणि शाहिरीची बाडं मिळवा. शंभर वर्षांचा एवढा ऐवज आज आहे कुठे? कुणाच्या हार्ड डिस्कवर, कुणाच्या गुगल ड्राइव्हवर, कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलच्या तळाशी. बहुतेक सगळा स्कॅन केलेला, म्हणजे पानांचे फोटो. शब्द टाकून त्यात काही सापडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या ऐवजात शब्द टाकून शोधता येईल असा आपला स्वतःचा सर्च सर्व्हर हवा. आणि एक मशीन जळालं, एक माणूस सोडून गेला किंवा एका कंपनीने दार बंद केलं, तरी तो चालू राहील अशीच त्याची बांधणी हवी. संगणकाच्या भाषेत याला फॉल्ट टॉलरंट क्लस्टर म्हणतात. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. पण हा विषय निम्मा तरी संघटनेचा आहे, म्हणून लिहितो आहे.

'गुगल आहे की!'

हा पहिला आक्षेप. ऑर्कुटवर आपल्या मुलांनी किती वाद घातले, किती लेख टाकले. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. गुगल प्लस २०१९ मध्ये गेलं. आपली कितीतरी पुस्तकं ज्या इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, ती साइट ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर काही दिवस बंद होती. ती संस्था चांगली आहे, प्रश्न तिच्या नियतीचा नाहीच. प्रश्न असा की दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या पेटीची किल्ली आपल्याकडे नसते.

आणि स्वतःचं असलं तरी एकाच जागी असून भागत नाही. दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस जून २०१६ मध्ये एका रात्रीत पाडला गेला. चळवळीचा इतिहास ज्या यंत्रांवर छापला गेला, ती जागा सकाळी ढिगारा होती. हा घाव आपण विसरलेलो नाही, पण त्यातून बांधणीचा धडा घेतला का?

क्लस्टर म्हणजे काय

गुगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपल्या सर्चची रचना एका लेखात मांडली. त्या वेळी त्यांच्याकडे १५,००० हून जास्त मशीन होती, आणि ती महागडी नव्हती, साधे पीसी होते. साधं मशीन बंद पडणारच हे त्यांनी आधीच मान्य केलं आणि ते सांभाळण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. प्रत्येक मजकुराच्या अनेक प्रती वेगवेगळ्या मशीनवर असल्या की एखादं गेल्याने काम अडत नाही.

आपल्याला पंधरा हजार लागत नाहीत, तीन पुरतात. ओपनसर्च किंवा इलास्टिकसर्च ही सॉफ्टवेअर त्यासाठी आहेत. दोन्हींच्या पोटात ल्युसीन हेच मुक्त इंजिन आहे. इलास्टिकसर्चच्या कंपनीने २०२१ मध्ये परवाना बदलला तेव्हा जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनसर्च निघालं, म्हणून मी ओपनसर्चच्या बाजूने आहे. यात सूचीचे तुकडे पाडतात, त्यांना शार्ड म्हणतात. प्रत्येक शार्डची किमान एक प्रत ठेवतात, आणि मूळ तुकडा व त्याची प्रत कधीच एका मशीनवर येऊ देत नाहीत. मूळ तुकड्याचं मशीन गेलं की प्रतच मूळ होते. शोधणाऱ्याला फार तर क्षणभर उशीर जाणवतो.

कुणी म्हणेल, सगळे खंड मजकूर म्हणून टाईप केले तर एका पेन ड्राइव्हवर मावतील, मग तीन मशीन कशाला? मावतील, खरं आहे. मजकूर मोठा आहे म्हणून तीन मशीन नकोत. एक पडलं तरी उत्तर मिळावं म्हणून हवीत.

तीनच का? आणि फूट पडली तर?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. क्लस्टरमध्ये एक मशीन प्रमुख असतं, पण ते निवडून येतं आणि बहुमत असेपर्यंतच प्रमुख राहतं. दोन मशीन असतील तर बहुमत दोनाचं. एक गेलं की सगळं अडतं. तीन असतील तर बहुमत दोनाचं; एक गेलं तरी चालतं. चार केली तर बहुमत तिनाचं, म्हणजे तरीही एकच जाणं परवडतं. चौथ्याने खर्च वाढला, सुरक्षितता नाही. म्हणून संख्या विषम ठेवतात.

मशीनमधला संपर्क तुटला आणि दोन्ही बाजूंनी 'प्रमुख मीच' म्हणत आपापली नोंद सुरू केली, तर त्याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. नंतर दोन्ही नोंदी जुळत नाहीत आणि खरी कुठली हे सांगता येत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे काही वर्षांतच दुरुस्त-नादुरुस्त गट पडले आणि पुढे तुकड्यांचे तुकडे झाले, हे ज्यांनी पाहिलं-वाचलं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. क्लस्टरमधला नियम कडक आहे: जी बाजू अल्पमतात, ती नवी नोंद घेणं थांबवते आणि संपर्क जुळला की बहुमताच्या नोंदीशी जुळवून घेते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. एका नेत्यावाचून अडणारी रचना कोसळते, हे मशीनलाही लागू आहे.

आपल्या धम्माच्या इतिहासात तर याचा पूर्ण वस्तुपाठ आहे. बुद्धांनी वारस नेमला नाही. सुत्तं भाणकांनी वाटून घेतली. दीघनिकाय एका गटाच्या मुखी, मज्झिमनिकाय दुसऱ्या. एकाच्या पाठात चूक झाली तर बाकीचे सुधारत. श्रीलंकेतल्या दुष्काळात भिक्खू इतके घटले की महानिद्देस हा ग्रंथ एकाच भिक्खूच्या मुखी उरला, आणि त्याचं आचरण चांगलं नसूनही इतरांना त्याच्याकडून तो शिकून घ्यावा लागला, असं अट्ठकथा सांगते. एकच प्रत उरली की अशी वेळ येते.

प्रतींनी सगळं भागत नाही

तीन गोष्टी तरुण तंत्रज्ञांनी डोक्यात पक्क्या ठेवाव्यात. पहिली, प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून किंवा मुद्दाम मजकूर पुसला तर तो सगळ्या प्रतींतून पुसला जातो. म्हणून ठरावीक वेळाने घेतलेला स्नॅपशॉट दुसऱ्या शहरात, वेगळ्या लोकांच्या ताब्यात हवा.

दुसरी, एक मशीन मुंबईत, एक नागपुरात आणि एक औरंगाबादेत घरच्या इंटरनेटवर ठेवू नका. क्लस्टरला आपसात जलद आणि अखंड संपर्क लागतो. तीन मशीन एका शहरातल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवा आणि दूरच्या शहरात स्वतंत्र दुसरा क्लस्टर.

तिसरी, मुद्दाम पाडून बघा. नेटफ्लिक्सने स्वतःचेच सर्व्हर कामाच्या वेळेत अचानक बंद पाडणारं केऑस मंकी नावाचं साधन बनवलं होतं. आपल्यावर सगळ्यात जास्त ताण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला येणार. त्याच्या महिनाभर आधी एक मशीन बंद करा, स्नॅपशॉटमधून सगळं परत उभं करून दाखवा.

मराठीचं कामही आहेच. 'मूकनायक'च्या काळात 'शाळेंत' असा अनुस्वार लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर तो गेला. आज 'शाळेत' टाकणाऱ्याला जुना अंकही सापडला पाहिजे. 'बाबासाहेब' टाकल्यावर 'बाबासाहेबांनी', 'बाबासाहेबांच्या' हेही आलं पाहिजे. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. हे काम भाषा जाणणाऱ्या कार्यकर्त्यांचं आहे.

'पोटाचे प्रश्न सोडून हे कशाला?'

गावात अत्याचार होतो, पोरगं रात्री पोलीस ठाण्यात बसलेलं असतं आणि समोरचा म्हणतो, आधी चौकशी, मग गुन्हा. त्या वेळी अॅट्रॉसिटी कायद्यातलं २०१८ चं कलम १८अ, म्हणजे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे त्याला फोनवर एका मिनिटात दाखवता आलं पाहिजे. पीडित-साक्षीदारांच्या हक्कांचं कलम १५अ, १९९५ चे नियम, शिष्यवृत्तीचे शासन निर्णय, सगळं याच क्लस्टरमध्ये बसतं. त्या रात्री सर्व्हर बंद असणं परवडणार नाही. हा पोटाचाच प्रश्न आहे.

पैशाचं म्हणाल, तर जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जेवढे उडतात तेवढ्यात तीन साध्या मशीनचं काही महिन्यांचं भाडं निघतं. कायद्याचं म्हणाल, तर बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनाचा कॉपीराइट २०१६ अखेर संपला. नंतर प्रथमच छापलेल्या लेखनाचा हिशेब वेगळा, तो वकिलांना विचारून करू.

आणि माणसं? हिंजवडीपासून हैदराबादपर्यंत आपली शेकडो पोरं-पोरी दुसऱ्यांचे क्लस्टर रात्री जागून सांभाळतात. महिन्यातल्या दोन रात्री समाजाला द्या. फक्त सुरुवातीलाच तीन नियम लिहून घ्या: पासवर्ड किमान तीन वेगळ्या संघटनांतल्या माणसांकडे, डोमेन एकट्याच्या नावावर नाही, आणि सगळी कार्यपद्धती मराठीत लिहिलेली. उद्या नवा कार्यकर्ता आला तर कुणालाही न विचारता त्याला क्लस्टर पुन्हा उभा करता आला पाहिजे. येत्या ६ डिसेंबरआधी तीन मशीन आणि 'मूकनायक'चे उपलब्ध अंक, एवढ्यापासून सुरुवात करू.

जय भीम! नमो बुद्धाय!