बंदी नावावर, विष रेणूत

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. अ‍ॅसेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावर ती यायला २०२३ उजाडले, निमसुलाइडवर तर २०२४ सरता सरता. डायक्लोफिनॅक गिधाडांना मारते, हे २००४ मध्येच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले होते. या तारखांना प्रगती म्हणणे धाडसाचे ठरेल.

त्यातही अ‍ॅसेक्लोफिनॅकचे प्रकरण लाजिरवाणे. हा रेणू म्हणजे डायक्लोफिनॅकच. त्याला ग्लायकोलिक आम्लाचा एक तुकडा तेवढा जोडलेला. गायीच्या शरीरात तो तुकडा सुटतो आणि मागे उरते ते बंदी घातलेले औषध. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कागदावरची रचना पाहून हा संशय यावा. २०१६ मध्ये गुरांवरील प्रयोगाने तो खरा ठरला. त्यानंतरही सात वर्षे हे औषध कायदेशीरपणे विकले गेले.

यावर बचाव असा होऊ शकतो, की ही सारी वेदनाशामके सायक्लोऑक्सिजिनेज या एकाच विकराला अडवतात; आज एकावर बंदी घातली तर उद्या सर्वांवर घालावी लागेल आणि दुखणाऱ्या जनावराला काहीच देता येणार नाही. मेलॉक्सिकॅम हा बचाव खोडून काढते. तेही त्याच विकराला जाऊन चिकटते, प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, गुरांची सूज उतरवते. पण गिधाडाचे शरीर त्याची झपाट्याने विल्हेवाट लावते. डायक्लोफिनॅक मात्र रक्तात रेंगाळते. मूत्रपिंडे निकामी होतात आणि युरिक आम्लाचे पांढरे स्फटिक यकृतावर, हृदयावर खडूच्या लेपासारखे साचतात. औषध कोणत्या विकराला चिकटते एवढ्यावरून त्याची सुरक्षितता ठरत नाही आणि घातकताही ठरत नाही. शरीरात ते किती काळ टिकते, त्याचे रूपांतर कशात होते, हे प्रजातीगणिक बदलते आणि तपासूनच कळते.

मग ही तपासणी परवान्याआधी का नको? केंद्राच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यात, घातक ठरलेले औषध आपोआप वापरातून बाद करणारी यंत्रणा उभारण्याचे म्हटले आहे. आपोआप! आराखडा निघाला तेव्हा अ‍ॅसेक्लोफिनॅकवरील प्रयोगाला चार वर्षे उलटली होती. बंदीला त्यानंतर आणखी तीन लागली. (माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची मोठी कुपी गोठ्यात सर्रास पोचत होती. २०१५ मध्ये तिला ३ मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली, ती वेगळीच कथा.)

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९० च्या दशकापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटली, आणि त्यांची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. जनावरांसाठी नवे वेदनाशामक विकू पाहणाऱ्या उत्पादकानेच ते गिधाडांना निर्धोक असल्याचे आधी सिद्ध करावे आणि मगच परवाना मागावा. तोवर पशुवैद्यांचे अडणार नाही. मेलॉक्सिकॅमचे पेटंट केव्हाच संपले आहे आणि भारतातल्या अनेक कंपन्या ते बनवतात.