पठाराच्या कडेवर

पुण्यास शिकणाऱ्या कन्येने पत्रातून विचारले, ‘बाबा, आपले गाव महाराष्ट्रात का नाही?’ उत्तर देण्यासाठी मार्गशीर्षातील एका पहाटे तिला बीदरच्या पठाराच्या कडेवर नेण्याचा बेत आखला आहे. उजाडण्यापूर्वी निघावे, म्हणजे पूर्वेस अष्टूरच्या बहामनी घुमटांवर पहिले ऊन पाहावयास मिळते. विजेरी, पाणी, भाकरी व शेंगाचटणी सोबत असावी. मात्र कडेपासून दहा पावले अलीकडेच थांबावे. सच्छिद्र जांभ्यातून झिरपणारे पाणी पायथ्याशी झरे होऊन प्रकटते, तसेच ते कडही आतून पोखरते. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. मांजरा मात्र पूर्वीप्रमाणेच लातूरकडून आपल्याकडे येते. एवढेच तिला सांगावयाचे आहे. वाचकहो, आपणही मुलांना एकदा येथे आणावे.