धोंड बाजूला कोणी सारायची?

गेल्या उपवासकाळात एका दुपारी एक माता माझ्याकडे येऊन बसली. बराच वेळ ती काही बोलेना. अखेर तिने विचारले, "फादर, विश्वास मोजायचा कसा? माझा कमी पडला म्हणतात."

हकिगत अशी. तिच्या पंचविशीतल्या मुलाला क्षयाची बाधा झाली होती. सरकारी दवाखान्यातून औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस धरले. त्याच सुमारास जवळच्या गावी एक मोठा प्रार्थनामेळावा भरला. त्या संध्याकाळच्या आत मंडपातील रोगी बरे होतील, असे व्यासपीठावरून जाहीर करण्यात आले. मुलाने हात वर केला, साक्ष दिली, टाळ्या झाल्या. घरी आल्यावर त्याने उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या, कारण त्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे त्याच्या मनावर बिंबवण्यात आले होते. क्षयाचे औषध निदान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. अर्ध्यावर सोडले तर उरलेले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात. येथे तेच झाले. काही महिन्यांनी थुंकीतून रक्त पडू लागले. त्यावर मेळावा भरवणाऱ्यांनी आईला उत्तर दिले, ते असे : देवाने बरे केलेच होते, तुमच्या घरातील अविश्वासाने ते घालवले.

त्या मेळाव्याची सूचना रविवारच्या मिस्सानंतर मीच वाचून दाखवली होती. ती कोणाची, तेथे काय शिकवले जाते, याची मी चौकशी केली नव्हती. तेव्हा पुढे जे लिहितो आहे, ते स्वतःला बाजूला ठेवून नव्हे. पहिला दोष माझ्या पदरी आहे.

देवाच्या सामर्थ्यावर विश्वास ठेवा, असे आम्ही धर्मगुरू नेहमी सांगतो. पण त्याच्या सामर्थ्याबरोबर त्याच्या वेळेवरही विश्वास ठेवावा लागतो, हे सांगताना आमचा आवाज खाली येतो. कारण सामर्थ्याच्या कथेने गर्दी जमते, वेळेच्या कथेने जमत नाही. आब्राहामला संततीचे वचन मिळाले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा शंभर वर्षांचा. मधली पंचवीस वर्षे कोणत्या मंडपात साक्ष म्हणून सांगता येतील? त्या वर्षांत त्याचाही धीर सुटला, त्याने हागारकडून वाट शोधली, आणि त्या घाईचे दुःख एका निरपराध स्त्रीने व तिच्या लेकराने भोगले. देवाच्या वेळेआधी देवाचे काम उरकू पाहणाऱ्यांची किंमत बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय आपण प्रत्येक अंत्यविधीला ऐकतो, पण सावकाश वाचत नाही. लाजरस आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावरही प्रभू येशू होता तेथेच दोन दिवस राहिला. तो बेथानीला पोहोचला तेव्हा लाजरसाला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरिया या दोघी बहिणींनी त्याला एकच बोल लावला : तो येथे असता, तर भाऊ गेला नसता. हा बोल विश्वासहीन माणसाचा नव्हे. ज्याच्यावर भार टाकला त्यालाच माणूस असा जाब विचारतो. आणि प्रभूने काय केले? त्याने त्यांचा विश्वास मोजला नाही. तो रडला.

त्यानंतरचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मृताला हाक मारून बाहेर काढणाऱ्याला कबरेच्या तोंडावरची धोंड एका शब्दाने उडवता आली नसती काय? पण ती सारायला त्याने माणसांना सांगितले. दुर्गंधी सुटली असेल, असे म्हणून मार्था कचरली, तरी धोंड माणसांनीच सारली. लाजरस बाहेर आला तेव्हा त्याची प्रेतवस्त्रे सोडण्याचे कामही प्रभूने भोवतीच्या लोकांवर सोपवले. जे देवालाच शक्य होते ते त्याने केले. जे माणसांना शक्य होते त्यातले त्याने काहीही त्यांच्या हातून काढून घेतले नाही. औषध ही आपल्या वाट्याची धोंड आहे. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे प्रभूनेच भूमीतून निर्माण केली, असे शिकवतो. मग गोळी उकिरड्यावर टाकणाऱ्याने कोणाचे दान टाकले?

यावर माझे काही मित्र विचारतील, "फादर, तुमचा चमत्कारांवर विश्वास नाही का?" आहे, आणि म्हणूनच त्यांची स्वस्ताई मला सहन होत नाही. लूर्द येथे 1858 साली पवित्र मातेने दर्शन दिले. तेव्हापासून कोट्यवधी यात्रेकरू तेथे गेले, हजारोंनी आपण बरे झाल्याचे नोंदवले. त्यांपैकी जेमतेम सत्तरच्या आसपास घटनांना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्यता दिली आहे, तीही डॉक्टरांच्या वर्षानुवर्षांच्या तपासणीनंतर. आणि जिला दर्शन झाले ती संत बर्नादेत स्वतः आजारीच राहिली व 1879 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मरण पावली. तिचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? रोगनिवारणाच्या प्रार्थनांसंबंधी रोमने 2000 साली काढलेल्या सूचनापत्रातही अशा सभांमधील उन्माद, नाटकीपणा व सनसनाटीला स्पष्ट मनाई आहे. प्रार्थनागटांनी अनेकांची दारू सोडवली, घराघरांत बायबल उघडले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. माझी तक्रार प्रार्थनेविरुद्ध नाही. देवाच्या नावाने तारीख आणि वेळ जाहीर करण्याविरुद्ध आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असे सुचवणारा कोण होता आणि त्याला नकार देणारा कोण, हे आपण विसरू नये.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण तेथे आपण बहुतेक सारे उभे आहोत. मुलाचा आजार पुन्हा उलटल्यावर त्या घरी शेजारीपाजारी जाईनासे झाले. रस्त्यात आई भेटली की म्हणायचे, "देवाची वेळ आली की सारे ठीक होईल." हे वाक्य धार्मिक आहे, पण अनेकदा ते काढता पाय घेण्याची सोय असते. ईयोबाचे मित्र निदान सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर. आपण तर त्या सात दिवसांनाही फाटा देतो.

संत मोनिकेचे उदाहरण आपण मातांना देतो, तेही अर्धेच. मुलाने समुद्र ओलांडून इटलीला जाऊ नये, म्हणून ती रात्रभर प्रार्थना करीत राहिली आणि त्याच रात्री ऑगस्टीन तिला चकवून जहाजावर चढला. तिची ती याचना फुकट गेली असे कोणालाही वाटले असते. पण इटलीतच त्याला संत आंब्रोज भेटले आणि 387 च्या पास्काला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. नाकारलेल्या प्रार्थनेतूनच मूळ प्रार्थना फळाला आली. मात्र मधल्या काळात मोनिका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देवाच्या वेळेची वाट पाहत बसून राहिली नाही. तीही समुद्र ओलांडून मुलामागे गेली.

त्या दुपारी मी त्या मातेला म्हटले, "बाय, विश्वास मोजायचे माप माझ्यापाशी नाही. कोणापाशीच नाही. तू इथवर चालत आलीस ना?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मुलाला घेऊन दवाखान्यात गेलो. नवी औषधे अधिक कडक आहेत. त्यांनी त्याला मळमळते, कधी तो त्रागा करतो. तो बरा होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि देवाच्या नावाने तर मुळीच सांगणार नाही. रोज सकाळी जपमाळ झाली की आई गोळ्या मोजून त्याच्या तळहातावर ठेवते आणि तो त्या गिळेपर्यंत समोर उभी राहते. देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे सेमिनरीत ईशज्ञानाच्या वर्गात मला जेवढे कळले नव्हते, तेवढे तिच्या ओटीवर कळले.

पुढील सूचना मी वाचून, पारखूनच वेदीवरून देईन. आपण आपल्यापुरते एवढे करावे : ज्या घरी आजार आहे, त्या घरी जावे, डॉक्टरांनी सांगितलेली काळजी घेऊन जावे, पण जावे. लाजरसाला हाक प्रभूच मारील. धोंडेला खांदा मात्र आपण द्यायचा आहे.