भिंतीवरचा फोटो की मोबाईलमधला?



नांदेड-लातूरकडच्या आपल्या कष्टकरी घरांत आजी-आजोबांचा बहुधा एखादाच फोटो असतो. तो जुना होत चालला की मुले म्हणतात, "आता भिंतीला खिळे कशाला? मोबाईलमध्ये आहे, टीव्हीवरही दिसतो." यात तथ्य किती, ते पाहू.

पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो, म्हणून त्यावर रंग खुलतात आणि अंधारातही फोटो दिसतो. पण बारकाव्यात कागद कमी नाही. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापलेल्या ४ बाय ६ इंची फोटोत २१ लाख ६० हजार ठिपके बसतात. फुल एचडी टीव्हीच्या अख्ख्या पडद्यावर साधारण २० लाख ७३ हजारच असतात! शिवाय वीज गेली की पडदा काळा. भिंतीवरचा फोटो येता-जाता दिसतो, नातवंड विचारते, "ही कोण?" आणि घराचा इतिहास निघतो. बाबासाहेबांना प्रत्यक्ष न पाहिलेल्या आपण सर्वांनीही त्यांना आधी तसबिरीतच पाहिले.

मात्र कागदही अमर नाही. रंगीत फोटो उन्हाने फिका पडतो. ओल, कसर, वाळवी त्याला खाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा माणसांबरोबर भिंतीवरचे फोटोही ढिगाऱ्यात गेले. ज्याची दुसरी प्रत नव्हती, तो चेहरा कायमचा गेला. मोबाईलचेही तेच. तो हरवला की सगळेच फोटो एकदम जातात.

म्हणून आमचे सांगणे असे की, दोन्ही ठेवा. जुना फोटो फ्रेमबाहेर काढून खिडकीच्या उजेडात, थेट ऊन टाळून, मोबाईल सरळ धरून त्याचा फोटो घ्या. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून दुसऱ्या गावच्या नातलगाला पाठवा, म्हणजे बारकावे उतरत नाहीत. मग नवी प्रत छापून ती भिंतीवर लावा आणि मूळ फोटो कोरड्या जागी जपा. नव्या प्रतीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नाव, गाव, साल हलक्या हाताने लिहा.

हे काम घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर करा. चेहरा यंत्र जपेल, नाव मात्र त्यांनाच ठाऊक आहे.