कार्बनची वही

लक्ष्मीपूजनाला आजही अनेक पेढ्यांवर वह्यांची पूजा होते. मोठ्या कंपन्यांच्या वहीत आता कार्बनचेही खाते आहे. 'नेट झिरो'चे, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, वायदे त्यात मांडलेले असतात आणि ते पुरे करायला बाजारात कागद विकत मिळतात. या अंकाचा विशेष विभाग आम्ही याच बाजाराला दिला आहे.

एक टन कार्बन डायऑक्साइड टाळला की एक क्रेडिट, हजार युनिट अक्षय वीज तयार झाली की एक प्रमाणपत्र. रात्रपाळीचा कारखाना बहुतांशी कोळशाच्या विजेवर चालतो. तरी कुठे तरी भर दुपारी तयार झालेल्या सौरविजेची पुरेशी प्रमाणपत्रे घेतली, की विजेपुरते त्याचे उत्सर्जन कागदावर शून्य होते. धूर मात्र तेवढाच राहतो.

सातारा-धुळ्याच्या पवनचक्क्या आपण पाहिल्या आहेत. क्योटो करारातल्या यंत्रणेतून अशा प्रकल्पांना क्रेडिट मिळाली आणि ती युरोपातल्या उद्योगांना आपल्या हिशेबात धरता येत होती. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी भारतातले पवनऊर्जा प्रकल्प तपासले. मंजूर क्रेडिटपैकी किमान ५२ टक्के अशा प्रकल्पांना गेली होती, जे क्रेडिट नसती तरी बहुधा उभे राहिलेच असते. म्हणजे त्या क्रेडिटपुरते इथे जादा काही टळले नाही आणि तिथे धुराला मुभा मिळाली. आम्हाला हा अन्याय वाटतो.

म्हणून बाजारच नको, असे आम्ही म्हणणार नाही. सुरतेत २०१९ पासून धूलिकण सोडण्याच्या परवान्यांचा बाजार चालला. एकूण प्रदूषणावर मर्यादा घातली, चिमणीवर मोजयंत्रे बसवली आणि त्या मर्यादेतच खरेदी-विक्री होऊ दिली. बाजाराबाहेरच्या कारखान्यांच्या तुलनेत तिथले प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी घटले. एकूण मर्यादा पक्की होती, म्हणूनच हे घडले. केंद्राने २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत मात्र मर्यादा आहे ती उत्पादनाच्या दर टनामागे. उत्पादन वाढले की एकूण उत्सर्जनही वाढू शकते. देशाने २०७० पर्यंत 'नेट झिरो'चे वचन दिले आहे. तिथवर पोचायचे तर एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालावीच लागेल, आणि ती लवकर.

आमचे कितीतरी वाचक मोठ्या कंपन्यांत नोकरी करतात, त्यांचे समभाग बाळगतात. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना थेट उत्सर्जनाचा आणि विकत घेतलेल्या विजेमुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा आकडा अहवालात जाहीर करावा लागतो. तो अहवाल उघडा. विकत घेतलेले कागद बाजूला ठेवल्यावर स्वतःचे किती टन कमी झाले, हे वार्षिक सभेत विचारा, आणि मिळालेले उत्तर आम्हाला जरूर कळवा.